अकरा भोकांचं बिस्किट

ताई आत आल्या त्या हातात बिस्किटांचा डबा घेऊन, आणि मास्तरांचं निम्मं लक्ष तिथेच अडकलं.

"बसा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "डबा मास्तरांपासून लांब ठेवा, आणि काय हरवलंय ते सांगा."

वजनमापं खात्यातली नोकरी सोडून बाईंना दहा वर्षं झाली होती, पण इन्स्पेक्टर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून त्या लोकांच्या हरवलेल्या वस्तू आणि लपवलेल्या गोष्टी शोधून देत. मास्तर हे त्यांचे शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक. बाईंसाठी ते जागेचे नकाशे आणि वस्तूंची चित्रं काढून देत, आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या अर्ध्या तासात गुन्हेगार ओळखत. आजवर एकदाही त्यांनी तो बरोबर ओळखला नव्हता, पण उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता.

ताई चाळिशीच्या, बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकीण. त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या आजीनं, पदरात सात वर्षांचा मुलगा असताना, विधवा झाल्यावर उसन्या भट्टीत बिस्किटं भाजायला सुरुवात केली. पुढे त्या मुलानं, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, आण्णांनी, कारखाना वाढवला. आता तो ताई चालवत होत्या, आणि साठ बायकांच्या चुली त्यावर पेटत होत्या. सगळा जीव एकाच बिस्किटात. चौकोनी, खरपूस, आणि एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा फुगा. लहान मुलं आधी तो फुगा फोडून खातात, मग बाकीचं.

"आणि आता माझा चुलतभाऊ म्हणतोय की हे बिस्किट त्याच्या आजोबांचं. म्हणजे आमच्या आजीच्या दिराचं. त्याच्याकडे साचा आहे, आजीच्या दोन वर्षं आधीचं साल डागलेला. आजीनं दिराच्या घरातला साचा बघून तसाच आपला करून घेतला, असं तो म्हणतो. त्यानं बिस्किट संघाकडे अर्ज केलाय. उद्या दुपारी चार वाजता अध्यक्ष दोन्ही साचे बघून निकाल देणार. हरणाऱ्यानं ते बिस्किट करणं बंद करायचं, हे दोघांनी लिहून दिलंय."

"आणि तुमचा साचा?"

"काल कपाटातून गेला."

मास्तरांनी वही काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, चुलतभाऊ. मग खाली दोन रेघा मारल्या.

कारखान्यात शिरताच भाजलेल्या लोण्याचा असा वास आला की मास्तरांना क्षणभर आपण कशासाठी आलोय याचा विसर पडला. भट्टीच्या तोंडाशी भट्टीकाका उभे होते. चाळीस वर्षं तिथेच उभं राहून त्यांचा चेहरा तांब्याच्या रंगाचा झाला होता. पलीकडे पोलादी लाटणं फिरत होतं आणि पिठाच्या पट्ट्यावर बिस्किटांचे चौकोन उमटत होते. लाकडी साचा आता कोणी वापरत नसे. तीस वर्षांपूर्वी यंत्र आलं, तेव्हा कारागिरानं त्या वेळचं बिस्किट समोर ठेवून लाटणं घडवलं होतं.

ऑफिस छोटं. खिडकीपाशी टेबल, भिंतीवर दुकानाची पहिली पाटी, कोपऱ्यात काचेचं कपाट, आणि कपाटाला पाठ लावून सागवानी खुर्चीत आण्णा. ब्याऐंशी वर्षांचे, ताठ बसलेले, पण डोळे कुठेतरी लांब लागलेले.

"आण्णा, जरा उठता का? यांना कपाट बघायचंय," ताई म्हणाल्या.

आण्णा उठले. ताईंनी आणि मास्तरांनी मिळून खुर्ची ओढली, कारण ती बाजूला केल्याशिवाय कपाटाचं दार वीतभरसुद्धा उघडत नव्हतं. खुर्ची कसली, बैल होता बैल. मास्तरांच्या कमरेतून कळ गेली आणि ते पाच मिनिटं वाकडेच चालत होते.

कुलुपावर ओरखडा नव्हता. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला लटकलेली असे आणि हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. ताईंनी काल सकाळी नऊला स्वतः कपाट पुसलं, तेव्हा साचा जागेवर होता. नेहमीसारखा पालथा ठेवलेला. कोरीव बाजू खाली ठेवायची ही आण्णांची शिस्त. दुपारी एकला त्यांनी तो अध्यक्षांसाठी बांधायला घेतला, तर जागा रिकामी.

"नऊ ते एक इथे कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," आण्णा म्हणाले. "सकाळी बसलो तो एकला जेवायलाच उठलो. मधे हललोसुद्धा नाही. थोडी डुलकी लागली असेल. त्यात कोणी नेला तर काय सांगणार?"

"कोण कोण येऊन गेलं?"

भट्टीकाका दोनदा येऊन गेले होते, कारण प्रत्येक घाण्यातलं पहिलं बिस्किट आण्णांनी चावून बघायचं असा रिवाज होता. ताईंचा धाकटा भाऊही येऊन गेला होता. तो आला भांडायला.

बाईंनी एकेकाला बाहेर गाठलं. धाकटा भाऊ खांदे पाडून उभा राहिला आणि लपवाछपवी न करता बोलला. चुलतभावाशी जुळवून घ्यावं, दोन्ही कारखाने एक करावेत, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तेच सांगायला तो आण्णांकडे गेला होता. आण्णांनी त्याला दोन वाक्यांत वाटेला लावलं. साच्याला त्यानं हात लावला नव्हता. "साचा हरवून माझं काय भलं होणार? ताई हरली तर मीही रस्त्यावरच येणार," तो म्हणाला. मास्तरांनी चुलतभावाचं नाव खोडलं आणि धाकटा भाऊ असं लिहिलं. या वेळी तीन रेघा.

भट्टीकाकांना बाईंनी साच्याबद्दल विचारलंच नाही. त्यांनी एक बिस्किट उचललं आणि विचारलं, "हा फुगा येतो कसा?"

काकांचा चेहरा उजळला. "बिस्किटाला भोकं असतात ना, ती वाफ निघायला. साच्यात पितळी खिळे असतात, त्यांची ती भोकं. चार ओळी, ओळीत तीन, म्हणजे बारा पाहिजेत. आपल्या बिस्किटाला अकराच. कोपऱ्यात भोक नाही, तिथली वाफ कोंडते आणि पापुद्रा वर येतो. थोरल्या आईंची, म्हणजे आण्णांच्या आईंची युक्ती ती. मुद्दाम एक कमी ठेवला. केवढं डोकं असेल बाईमाणसाला."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आण्णांनीच. सगळ्यांना तेच सांगतात."

ऑफिसात परत आल्यावर बाईंनी मास्तरांना ती जुनी पाटी उतरवून घ्यायला लावली. रंगाऱ्यानं थाळीएवढं बिस्किट रंगवलं होतं आणि कोपऱ्यात आपली सही ठोकून खाली साल घातलं होतं. कारखान्याचं पहिलंच साल. मास्तरांनी धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं पाटी न्याहाळली आणि नाक मुरडलं.

"रंग टिकलाय, पण नजर कच्ची. बघा ना, फुगा काढलाच नाही. आणि भोकं बारा. माझ्या सहावीच्या वर्गातल्या पोरांनी असं चित्र काढलं असतं तर बाकावर उभं केलं असतं."

"बाकीचं कसं आहे?"

मास्तरांनी चष्मा वर केला. "बाकीचं चोख. कडेची नक्षी, मधली गव्हाची लोंबी, अगदी दाणा न् दाणा. म्हणूनच तर म्हणतो, एवढं बारकाईनं काढणाऱ्यानं फुग्यालाच कसं विसरावं?"

बाई त्यांच्याकडे बघून इतक्या गोड हसल्या की मास्तरांना आपलं काहीतरी चुकलं असणार अशी खात्री पटली.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी चुलतभावाचा कारखाना गाठला. चकचकीत फरशी, नवी यंत्रं आणि मालकाच्या तोंडावर न मावणारं हसू. त्यानं आढेवेढे न घेता साचा पुढे केला. काळपट लाकूड, झिजलेल्या कडा, मागे डागलेलं साल. मास्तर चित्र काढायला बसले आणि सवयीनं खिळे मोजले. अकरा. कोपऱ्यात लाकूड सलग, गुळगुळीत.

"इथे कधी खिळा होता का?" बाईंनी सहज विचारलं. "पडला असेल, मोडला असेल, बुजवला असेल?"

"छे. आजोबांनी केला तसाच आहे. कोपरा त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला, फुगा यावा म्हणून. अख्ख्या बिस्किटाची गंमत त्यातच आहे, आणि ती आमच्या काकूआजीनं उचलली." त्यानं 'काकूआजी' अशा सुरात म्हटलं की मास्तरांच्या हातून पेन्सिलीचं टोक तुटलं.

बाहेर पडल्यावर ते गप्प राहू शकले नाहीत. "बाई, हा माणूस डांबरट आहे, पण साचा खराच वाटतो हो. आपला साचा मिळाल्याशिवाय काही खरं नाही. मिळेल का?"

"तो कुठे आहे ते एका माणसाला माहीत आहे. उद्या सकाळी त्याला विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ताईंना आणि मास्तरांना ऑफिसबाहेर काढलं आणि आत आण्णांसमोर जाऊन बसल्या. मास्तर पॅकिंगच्या टेबलापाशी उभे राहिले. तुटकी बिस्किटं वेगळी काढायची असतात, त्या कामात त्यांनी मनापासून मदत केली. मधेच काचेतून त्यांना दिसलं की आण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंय आणि बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत. ते पाहून मास्तरांनी हातातलं अर्धं बिस्किट खाली ठेवलं.

बाई बाहेर आल्या. "साचा चार वाजता संघाच्या सभागृहात येईल. ताई, तुम्ही फक्त ती पाटी घेऊन या."

सभागृहात पन्नासेक माणसं होती. संघाचे सभासद, दोन्ही कारखान्यांची मंडळी, आणि मागच्या भिंतीला टेकून पॅकिंगवाल्या बायका, हातातलं काम टाकून आलेल्या. ताई पहिल्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. अध्यक्ष म्हातारे, कमी बोलणारे, जाड भिंगाचे. त्यांनी आधी चुलतभावाचं ऐकून घेतलं. मग बाईंना बोलायची परवानगी दिली.

"मला यांना एकच विचारायचंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या साच्यात पहिल्यापासून अकराच खिळे?"

"पहिल्यापासून," चुलतभाऊ म्हणाला. "कालच सांगितलं तुम्हाला."

"आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे ताईंच्या आजीनं त्यावरूनच आपला साचा केला. म्हणजे तिच्या बिस्किटाला पहिल्या दिवसापासून अकरा भोकं आणि एक फुगा असणार."

"अर्थात."

बाईंनी पाटी टेबलावर ठेवली. "ही तिच्या दुकानाची पाटी. रंगाऱ्याची सही आहे, पहिलं साल आहे. मोजा."

अध्यक्षांनी बोट ठेवत मोजलं. बारा. आणि फुगा नाही. सभागृहात कुजबुज उठली. चुलतभाऊ हसला.

"रंगाऱ्यानं चूक केली, एवढंच. पाटी रंगवणाऱ्याला भोकांशी काय देणंघेणं?"

मास्तर खुर्चीत आकसले. हे त्यांचंच वाक्य होतं, आणि ते त्या तोंडून ऐकताना अगदी भिकार वाटत होतं.

"लोंबीचा दाणा न् दाणा काढणारा माणूस एक भोक जास्तीचं काढेल आणि ज्यासाठी बिस्किट प्रसिद्ध आहे तो फुगा विसरेल?" बाई म्हणाल्या. "मला वाटतं त्यानं समोर होतं तेच काढलं. पहिल्या वर्षी त्या बिस्किटाला बाराच भोकं होती. बारावं नंतर गेलं. पण कसं गेलं, हे साचाच सांगेल, आणि साचा तर कपाटातून नाहीसा झाला होता. तो कोणी नेला, हे मला एका खुर्चीनं सांगितलं. ती खुर्ची कपाटाच्या दाराला लागून असते आणि ती ओढल्याशिवाय दार उघडत नाही. दोन माणसं लागली ती हलवायला, रिकामी असताना. मास्तरांची कंबर साक्षीला आहे. नऊ ते एक त्या खुर्चीत बसलेल्या माणसानं सांगितलं की मी हललो नाही. माणूस झोपला असला तरी त्याच्यासकट खुर्ची ओढली तर तो जागा होणारच. म्हणजे दुसऱ्या कोणाला दार उघडणं शक्यच नव्हतं. उरला एकच माणूस, ज्याच्याकडे चार तास होते, जो खुर्ची इंचाइंचानं पुढे रेटून, स्वतःच्या हातानं कपाट उघडून, पुन्हा जागेवर बसू शकत होता."

ताईंनी मान वळवली. दारातून आण्णा येत होते, आणि त्यांच्या छातीशी लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आण्णा, तुम्ही?" ताई उठून उभ्या राहिल्या.

आण्णांनी साचा टेबलावर उताणा ठेवला. मग ते अध्यक्षांकडे न बघता आपल्या मुलीकडे बघून बोलले.

"मी आठ वर्षांचा होतो. कोणीतरी अक्रोड दिले होते. फोडायला काही सापडेना, म्हणून हा साचा घेतला. दुसऱ्याच अक्रोडाला कोपऱ्यातला खिळा मोडला. मी गुपचूप जागेवर ठेवून दिला, आणि पुन्हा त्या कोपऱ्याकडे कधी नीट बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सगळी बिस्किटं कोपऱ्यात फुगली. मला वाटलं, आता आईचा धंदा बुडाला, आणि तो मी बुडवला. पण आठवड्यानं लोकच दारात येऊन म्हणायला लागले, ती फुग्याची द्या. पुढे सगळे म्हणायचे, काय युक्ती केलीत. आई नुसती हसायची. मीही तेच सांगत राहिलो, सगळ्या जगाला. मग अध्यक्षांचं पत्र आलं, साचा भिंगाखाली बघणार म्हणून. मोडका खिळा दिसला असता. मला वाटलं, आईची हुशारी खोटी ठरेल, आणि आपण हरू. ब्याऐंशी वर्षांचा झालो, पण साचा लपवताना पुन्हा आठच वर्षांचा होतो मी."

अध्यक्षांनी भिंग उचललं.

"कोपऱ्यात पितळेचा ठिपका आहे," ते म्हणाले. "खिळ्याचं मूळ. लाकडात रुतलेलं."

"मोडला तो पाटी रंगवल्यानंतरच्या वर्षी," बाई म्हणाल्या. "आता यांच्या साच्याकडे बघा. तिथे ठिपका नाही, छिद्र नाही, लाकूड सलग आहे. तो साचा ताईंच्या आजीच्या दोन वर्षं आधीचा म्हणे. मग एका पोरानं तीन वर्षांनी अक्रोड फोडताना जो खिळा मोडायचा होता, नेमका तोच खिळा यांच्या आजोबांनी आधीच कसा गाळला? बारा जागांमधून तीच जागा? तसं झालं नाही. कोणा सुतारासमोर आजच्या दुकानातलं बिस्किट ठेवलं आणि सांगितलं, याच्यावरून जुना वाटेल असा साचा कर. त्यानं इमानदारीनं भोकं मोजली आणि तेवढेच खिळे बसवले. आण्णांचा अपघात यांनी आजोबांच्या नावावर चढवला."

चुलतभावानं टेबलावरचा आपला साचा स्वतःकडे ओढून घेतला. त्याच्याच बाजूच्या रांगेतून कोणीतरी खुर्ची सरकवून त्याच्यापासून थोडं लांब बसलं.

निकाल तिथेच लागला असता. पण बाई थांबल्या नव्हत्या. "अध्यक्षसाहेब, त्या ठिपक्यावर बोट फिरवा. कसा लागतो?"

"गुळगुळीत. लाकडाच्या पातळीत."

"मोडलेला पितळी खिळा असा असतो का?"

"नाही. टोक राहतं, पिठाला ओरबाडतं." अध्यक्षांनी पुन्हा भिंग लावलं. "इथे कानस फिरवलीय. चांगली वेळ देऊन घासलंय."

"आण्णा, कानस तुम्ही फिरवली होती?"

आण्णांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत काहीच समजत नसल्याचा भाव होता, आणि मग हळूहळू सगळंच समजत गेल्याचा. त्यांनी टेबलाची कड धरली.

"तेव्हा साचा एकाच माणसाच्या हातात असायचा, तुमच्या आईंच्या," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांनी मोडकं टोक पाहिलं. कोणी मोडलं हेही त्यांना कळलं असणार, घरात दुसरं पोर नव्हतं. नवा खिळा ठोकणं दहा मिनिटांचं काम होतं. त्यांनी तो ठोकला नाही. फुग्याची बिस्किटं लोकांना आवडतायत हे बघून त्यांनी टोक घासून टाकलं, म्हणजे पीठ फाटू नये आणि फुगा कायम यावा. बारातलं एक कमी ठेवायचं, हे त्यांनीच ठरवलं. तुम्ही आयुष्यभर लोकांना जे सांगत आलात, ते खरंच होतं, आण्णा. आणि तुम्हाला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत."

आण्णा रडले. सगळ्यांसमोर, न लाजता, लहान मुलासारखे हुंदके देत रडले. ताई धावत गेल्या आणि त्यांना मिठीत घेतलं, आणि धाकटा भाऊही दोघांना बिलगला. मागच्या भिंतीपाशी एका बाईनं टाळी वाजवली, मग दुसरीनं, आणि मग अध्यक्षांनी निकाल वाचला तो कोणालाच ऐकू आला नाही. बिस्किट ताईंचं. खोटा साचा संघाच्या ताब्यात. चुलतभाऊ कधी निघून गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मास्तरांनी डोळे पुसले आणि वही उघडली. धाकट्या भावाच्या नावावर काट मारताना ते पुटपुटले, "पाटी खरी आहे हे मला पहिल्यापासून वाटत होतं."

"मी तुमच्यामुळेच वळले तिकडे," बाई म्हणाल्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या. मास्तर जिना उतरेपर्यंत कंबर विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कारखान्यातलं एकही यंत्र चालू नव्हतं. साठ बायका, भट्टीकाका आणि दोन ट्रकवाले पॅकिंगच्या टेबलांभोवती कोंडाळं करून बसले होते, आणि मधे आण्णा उभे होते. पहिल्यांदा सांगताना अक्रोड दोन होते. एका बाईला उशीर झाला म्हणून पुन्हा सांगावं लागलं, तेव्हा ते पाच झाले. ट्रकवाल्यांनी आग्रह केला, तेव्हा आण्णांनी हातात काल्पनिक साचा धरला, दात-ओठ खाऊन तो टेबलावर आपटला आणि आईच्या आवाजात म्हणाले, "कोण आहे रे तिकडे?" पोट धरून हसणाऱ्या बायकांना बघून ते स्वतःच इतके हसले की ताईंना पाणी आणावं लागलं. चौऱ्याहत्तर वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस, आता त्याला आवरणार कोण?